व्हिक्टोरियन कथेतल्या कंजुषाचे हृदयपरिवर्तन कसे तपासावे

एबनेझर स्क्रूजवर लिहिलेल्या विद्यार्थ्यांच्या निबंधांत एक वाक्य हमखास सापडते: भुतांच्या भेटीनंतर स्क्रूजला आपल्या चुकांची जाणीव होते आणि तो दयाळू बनतो. वाक्य खोटे नाही, पण ते कथानक आहे, विश्लेषण नव्हे. जाणीव झाली म्हणजे नेमके काय झाले, ती झाली हे लेखकाने कशाच्या आधारावर पटवले आणि ज्यांचे नुकसान झाले होते त्यांच्या पदरात शेवटी काय पडले, या तीन प्रश्नांना त्या वाक्यात उत्तर नसते. ही उत्तरे कशी शोधावीत, ते येथे मुख्यतः दोन कृतींच्या आधारे मांडले आहे: चार्ल्स डिकन्सची १८४३ मधील ‘अ ख्रिसमस कॅरल’ आणि जॉर्ज इलियटची १८६१ मधील ‘सायलस मार्नर’.

सुरुवात शब्दापासून करावी. पश्चात्ताप, प्रायश्चित्त, उद्धार आणि हृदयपरिवर्तन हे शब्द आपण एकमेकांच्या जागी सर्रास वापरतो, आणि निबंध तिथेच सैल पडतो. पश्चात्ताप मनात होतो, प्रायश्चित्त कृतीने घ्यावे लागते, आणि उद्धार बहुधा दुसरे कोणीतरी करते. इंग्रजीत यासाठी जो ‘रिडेम्प्शन’ शब्द रूढ आहे, त्याला ख्रिस्ती धर्मातील तारणाचा अर्थ आहे, तसाच एक रोखठोक व्यवहारी अर्थही आहे: गहाण टाकलेली वस्तू पैसे भरून सोडवून आणणे. डिकन्सच्या आणि इलियटच्या वाचकांना हे दोन्ही अर्थ परिचित होते. म्हणून कंजूष पात्राच्या बाबतीत हा व्यवहारी अर्थ हाताशी ठेवून वाचावे, असे मी सुचवेन. काय गहाण पडले होते, ते कोणी सोडवले आणि किंमत कोणाच्या खिशातून गेली, असे विचारत गेले की धूसर वाटणारा विषय एकदम पकडीत येतो.

कंजूषपणाची जात ओळखणे

स्क्रूज आणि सायलस या दोघांनाही ‘चमडी जाईल पण दमडी जाणार नाही’ या एकाच मापाने मोजणे ही दुसरी सामान्य चूक. स्क्रूज लंडनमधला व्यापारी आहे, त्याचे पैसे लोकांकडे येणे आहेत, आणि त्याच्या कंजूषपणाची झळ कारकुनाला, कर्जदारांना, दारात वर्गणीसाठी आलेल्या सद्गृहस्थांना बसते. सायलस हा रॅव्हलो नावाच्या खेड्यात येऊन राहिलेला विणकर आहे. त्याने कोणाला लुबाडलेले नाही, कोणाची मजुरी बुडवलेली नाही; मागावर राबून मिळवलेल्या गिन्या, म्हणजे सोन्याची नाणी, तो मागाखालच्या विटा उचलून तिथे लपवतो आणि रात्री काढून पाहतो. त्याची उपासमार झाली असेल तर ती त्याच्या स्वतःच्या मनाची. या फरकामुळे पुढचे सगळे बदलते. ज्याने इतरांचे देणे थकवले, त्याच्या परिवर्तनात परतफेड असलीच पाहिजे; ज्याने फक्त स्वतःला कोंडून घेतले, त्याच्या परिवर्तनात दार उघडणे पुरेसे असते.

मग कारणाकडे वळावे. दोन्ही लेखकांनी कंजूषपणाला पूर्वइतिहास दिला आहे, पण त्याचे वजन वेगळे आहे. सायलसवर लँटर्न यार्ड या वस्तीतल्या छोट्याशा धर्मपंथात चोरीचा खोटा आळ येतो. जिवलग मित्रच कट रचतो, निवाडा चिठ्ठ्या टाकून होतो आणि चिठ्ठी त्याच्या विरुद्ध निघते. माणूस आणि देव दोघांवरचा विश्वास एकाच दिवशी गेल्यावर त्याच्याकडे मोजण्यासारखे फक्त नाणेच उरते. स्क्रूजचा पूर्वइतिहास तुटक दृश्यांत येतो: सुटीत शाळेत एकटा मागे राहिलेला मुलगा, उमदा मालक फेझिविग, आणि लग्न मोडणारी बेल, जी त्याला सांगते की तिची जागा सोन्याच्या मूर्तीने घेतली आहे. येथे एक पथ्य पाळावे. कारण म्हणजे सबब नव्हे. बेल त्याला सोडून गेली म्हणून तो कंजूष झाला, असे काही निबंध सांगतात. कथेत क्रम नेमका उलटा आहे.

वस्तूंचा माग काढणे

माझ्या मते खरे काम येथे आहे, आणि बहुतेक जण ते टाळतात. कथेच्या पहिल्या भागात आलेल्या वस्तू, नाणी आणि वाक्ये यांची यादी करावी आणि त्यांतली कोणती शेवटी परत येतात ते पाहावे. लेखक पात्राबद्दल ‘तो बदलला’ असे कितीही वेळा म्हणो, पुरावा या परत येणाऱ्या वस्तूंत असतो.

एकच नाणे जवळून पाहू. नाताळच्या आदल्या संध्याकाळी कचेरी बंद करताना स्क्रूज आपला कारकून बॉब क्रॅचिट याला ऐकवतो की, उद्याच्या सुटीचा अर्धा क्राउन कापला तर तुला अन्याय झाला असे वाटेल, पण काम न घेता दिवसाचा पगार मोजताना माझ्यावर अन्याय होतो असे काही तुला वाटत नाही. बॉबचा पगार आठवड्याला १५ शिलिंग आहे. सहा दिवसांनी भागले की दिवसाचे अडीच शिलिंग येतात, आणि पाच शिलिंगांचा एक क्राउन असल्याने अडीच शिलिंग म्हणजे बरोबर अर्धा क्राउन. डिकन्सने हिशेब चोख बसवला आहे. आता शेवटच्या प्रकरणातली सकाळ घ्यावी. स्क्रूज खिडकीतून रस्त्यावरच्या पोराला सांगतो की, टर्की विकणाऱ्याला घेऊन आलास तर एक शिलिंग देईन, आणि पाच मिनिटांच्या आत आलास तर अर्धा क्राउन. तेच नाणे! काल जे कुटुंबवत्सल माणसाच्या एका दिवसासाठी त्याच्या जिवावर आले होते, ते आज एका अनोळखी पोराच्या पाच मिनिटांच्या धावपळीसाठी तो आनंदाने कबूल करतो.

पण येथे थांबू नये. त्या वाक्याची घडण पाहावी: इतक्या वेळात काम केलेस तर इतके, त्याहून लवकर केलेस तर जास्त. हा सौदाच आहे. वेळेला पैशात मोजण्याची व्यापाऱ्याची सवय जशीच्या तशी आहे. फक्त ती आता दुसऱ्याच्या ताटात टर्की पोचवण्यासाठी राबते आहे. दुसऱ्या दिवशी बॉब कामावर साडेअठरा मिनिटे उशिरा येतो, आणि हा अर्ध्या मिनिटापर्यंतचा हिशेब स्क्रूज जुन्या आवाजात गुरगुरून त्याची थट्टा करण्यासाठी वापरतो, आणि त्याच दमात पगारवाढ जाहीर करतो. आदल्या दिवशी रस्त्यात भेटलेल्या वर्गणीवाल्या सद्गृहस्थाच्या कानात तो जी रक्कम सांगतो, तिच्यात बरीचशी मागची थकबाकी धरली आहे असेही त्याला बजावतो. थकबाकी हा वहीखात्यातला शब्द आहे. मात्र ती रक्कम किती, हे वाचकाला कळत नाही, कारण ती कुजबुजून सांगितलेली असते. पगारवाढीचा आकडाही दिलेला नाही. पहिल्या प्रकरणात आकडे स्पष्ट आणि शेवटी आकडे अदृश्य, ही निवड विचारपूर्वक केलेली दिसते, आणि निबंधात तिच्यावर एक संपूर्ण परिच्छेद उभा राहू शकतो.

कोळशाचेही तसेच. सुरुवातीला कोळशाची पेटी स्क्रूजच्या खोलीत असते आणि कारकुनाच्या शेगडीत जणू एकच निखारा धुगधुगत असतो. शेवटी स्क्रूज बॉबला सांगतो की, पुढचे अक्षर लिहिण्याआधी शेगड्या नीट पेटव आणि कोळशासाठी आणखी एक डबा विकत आण.

‘सायलस मार्नर’मध्ये हा माग अधिक आतून जातो. चोरी होण्याच्या कितीतरी आधी इलियट एक छोटा प्रसंग सांगते. विहिरीवरून पाणी आणण्याचे सायलसचे तपकिरी मातीचे भांडे बारा वर्षे त्याच्या सोबतीला असते. एके दिवशी ते पडून त्याचे तीन तुकडे होतात. कामाचा उपयोग संपला. तरीही तो तुकडे घरी आणतो, जुळवतो आणि ते फुटके भांडे जुन्या जागी उभे करून ठेवतो. कंजूष माणूस निरुपयोगी वस्तू जपतो यात नवल नाही, असे म्हणून वाचक पुढे जातो. पण सायलसने ते जपले आहे ते आठवण म्हणून, आणि येथे लोभ नसून माया आहे. परिवर्तन पटायचे असेल तर ते ज्यातून उगवणार ते बीज आधी दाखवलेले असावे लागते. प्रत्येक कृतीत असे बीज शोधावे आणि ते परिवर्तनाच्या आधी किती पाने पडले आहे, याची नोंद घ्यावी.

त्याच कादंबरीत दुसरी एक जोडी आहे. अर्धवट मिळवलेल्या, अजून मागावर असलेल्या गिन्यांकडे सायलस जन्माला न आलेल्या मुलांसारखे प्रेमाने पाहतो, अशी उपमा इलियट चोरीपूर्वी देते. पुढे सोने चोरीला जाते आणि वर्षाच्या शेवटच्या रात्री सायलसला आपल्या चुलीपाशी सोनेरी काहीतरी दिसते. गेलेले सोने परत आले असे वाटून तो हात पुढे करतो, आणि हाताला कठीण नाण्यांऐवजी मऊ, उबदार कुरळे केस लागतात. उपमेतले मूल खरे झाले आणि खरे सोने उपमा होऊन गेले. इलियटची ही कारागिरी दाखवून देणे हेच विश्लेषण. केवळ ‘मुलीने सोन्याची जागा घेतली’ असे लिहिल्याने ते साधत नाही.

भय, वेळ आणि बदलाचा वेग

परिवर्तन कशामुळे घडते हे ठरवताना घटनांचा क्रम काटेकोरपणे तपासावा. स्क्रूज स्वतःच्या नावाचा थडग्याचा दगड पाहून घाबरतो आणि बदलतो, हा आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि त्यात तथ्य असेल तर त्याच्या परिवर्तनाची नैतिक किंमत कमी होते, कारण मरणाच्या भीतीने दिलेले दान हाही एक प्रकारचा विमाच. पण थडगे चौथ्या प्रकरणात आहे. दुसऱ्या प्रकरणातच, फेझिविगची मेजवानी पाहताना, भूत त्याला डिवचते की या माणसाने तीनचार पौंड तर खर्च केले. त्यावर स्क्रूज तावातावाने सांगतो की मालकाच्या हातात नोकराचे ओझे हलके करण्याची किंवा वाढवण्याची शक्ती असते. लगेच तो गप्प होतो, कारण त्याला स्वतःचा कारकून आठवतो. भीतीच्या कितीतरी आधीचा हा क्षण आहे, आणि आक्षेपाला उत्तर द्यायचे असेल तर ते येथूनच द्यावे लागेल.

वेगाचा प्रश्नही विचारात घ्यावा. भुतांनी सगळे एका रात्रीत उरकले म्हणून स्क्रूज स्वतःच चकित होतो. सायलसचे सोने चोरीला जाणे आणि चुलीपाशी सापडलेल्या त्या मुलीचे, एपीचे, येणे यांत काही आठवडेच जातात, पण पहिल्या आणि दुसऱ्या भागाच्या मध्ये इलियट १६ वर्षे मोकळी सोडते. ती मोकळी जागा भरण्यासाठी तिने आधीच काही घरगुती प्रसंग पेरून ठेवले आहेत. त्यांतला एक मला फार आवडतो. विणताना पोर कुठे जाऊ नये म्हणून सायलस छोट्या एपीला कापडाच्या रुंद पट्टीने मागाला बांधतो. ती कात्रीने पट्टी कापून पळते. सापडल्यावर तो तिला शिक्षा म्हणून कोळशाच्या कोनाड्यात ठेवतो, आणि थोड्या वेळाने ती स्वतःहून, मजेने, पुन्हा तिथे जाऊन बसते. १५ वर्षे ज्या मागाने सायलसला जगापासून तोडले, त्या मागावरच्या कापडाची पट्टी आता एका मुलीने कापली आहे. भूत नाही, थडगे नाही. एक कात्री आहे.

निवेदकाचा आवाज आणि काळाचा संदर्भ

डिकन्सचा निवेदक मेजवानीत उभा राहून गोष्ट सांगणाऱ्या माणसासारखा आहे. स्क्रूजवर विशेषणांचा मारा करताना त्याला स्वतःलाच गंमत वाटते, आणि वाचक पात्राचा तिरस्कार करण्याऐवजी त्याच्यावर हसायला लागतो. ज्याच्यावर आपण हसलो त्याला माफ करणे सोपे जाते. इलियटचा निवेदक असा हसत नाही. तो सायलसची तुलना केवळ अंतःप्रेरणेने जाळे विणणाऱ्या कोळ्याशी करतो आणि मग ताबडतोब आपल्यापैकी अनेकांची अवस्था याहून वेगळी नसते असे सुचवून वाचकालाही त्या जाळ्यात ओढतो.

संदर्भ द्यावा, पण तो मजकुरातल्या एखाद्या वाक्याला टेकलेला असावा. वर्गणी मागणाऱ्यांना स्क्रूज विचारतो की तुरुंग आणि वर्कहाउस (निराधार गरिबांना ठेवून राबवून घेणाऱ्या संस्था) बंद पडले आहेत का, आणि तिथे जाण्यापेक्षा लोक मेले तर जादा लोकसंख्या कमी होईल असेही म्हणतो. येथे १८३४ च्या गरिबांविषयीच्या कायद्याची आणि अर्थतज्ज्ञ माल्थसच्या १७९८ च्या लोकसंख्याविषयक निबंधाची माहिती खरोखर उपयोगी पडते, कारण पुढे दुसरे भूत ही दोन्ही वाक्ये स्क्रूजच्या तोंडावर परत फेकते: एक बॉबचा आजारी मुलगा टायनी टिम याच्या बाबतीत, दुसरे आपल्या झग्याखालच्या अज्ञान आणि दारिद्र्य या दोन मुलांच्या बाबतीत. वाक्येही नाण्यांसारखीच परत येतात.

चरित्राचा आधार मात्र बेताने घ्यावा. डिकन्सचे वडील १८२४ मध्ये कर्जापायी मार्शलसी तुरुंगात होते आणि बारा वर्षांचा चार्ल्स बुटांच्या काळ्या रोगणाच्या कारखान्यात काम करत होता, हे खरे. पण ही गोष्ट लोकांना कळली ती त्याचा मित्र जॉन फॉर्स्टर याने १८७२ पासून प्रसिद्ध केलेल्या चरित्रातून. १८४३ च्या वाचकाने स्क्रूजला त्या प्रकाशात वाचले नव्हते. जाता जाता आणखी एक आकडा: ‘अ ख्रिसमस कॅरल’ची किंमत पाच शिलिंग होती, म्हणजे बॉबच्या आठवड्याच्या पगाराचा तिसरा हिस्सा. बॉबला ही गोष्ट परवडलीच नसती.

न मिटलेली खाती

आता वही बंद करण्याआधी कोणाची नावे शिल्लक राहिली ते पाहावे. स्क्रूज मेल्याच्या बातमीने सुटकेचा निःश्वास टाकणारे कर्जदार जोडपे शेवटच्या प्रकरणात येत नाही. बेल येत नाही. आणि झग्याखालची ती दोन मुलेही येत नाहीत, ज्यांच्याविषयीचा इशारा कथेत सर्वांत गंभीर आहे. टायनी टिम वाचतो, पण वर्कहाउस २६ डिसेंबरलाही चालूच असणार. हे डिकन्सचे अपयश मानावे की त्याने जाणूनबुजून सोडलेली टोचणी, यावर मते वेगळी असू शकतात. मला दुसरे पटते, कारण ज्या आवेशाने ती मुले समोर आणली गेली, तो विसराळू लेखकाचा नाही. अमेरिकन समीक्षक एडमंड विल्सनने तर कथेच्या चौकटीबाहेर स्क्रूज पुन्हा पूर्वीसारखाच होईल अशी शंका घेतली होती. सायलसच्या बाबतीत न मिटलेले खाते वेगळे आहे: बऱ्याच वर्षांनी तो लँटर्न यार्डला जातो, तेव्हा तिथे कारखाना उभा असतो आणि त्याचे निर्दोषत्व सांगायला कोणीही उरलेले नसते.

तुलनेसाठी न बदललेला कंजूषही जवळ असावा. डिकन्सच्याच ‘निकोलस निकलबी’मधला राल्फ निकलबी सत्य कळल्यावर पश्चात्तापाच्या उंबरठ्यापर्यंत येतो आणि गळफास घेतो, परतफेड करण्यासारखा माणूस, त्याचा स्वतःचा मुलगा, आधीच मेलेला असतो. त्याच्याच ‘अवर म्युच्युअल फ्रेंड’मधला बॉफिन याहून मजेदार आहे. तो कंजूष झाल्याचे फक्त सोंग करतो आणि त्यासाठी प्रसिद्ध कंजुषांची चरित्रे विकत आणून वाचवून घेतो. कंजूषपणाच्या ठरावीक खुणा वाचकांना इतक्या पाठ होत्या की त्यांची नक्कल करता येत असे, हे त्यावरून दिसते.

लिहायला बसताना

मांडायचे विधान असे असावे की त्याच्याशी कोणी असहमत होऊ शकेल. ‘स्क्रूज बदलतो’ याला कोण नाकारणार? त्याऐवजी असे म्हणता येईल: डिकन्स आणि इलियट यांच्या कथांत कंजुषाची मोजण्याची सवय जात नाही, फक्त तो कोणासाठी मोजतो हे बदलते. मग एक परिच्छेद साधारण असा उतरेल:

‘चोरी झाल्यावर गावच्या खानावळीत सायलस आपली रक्कम सहा पेन्सपर्यंत अचूक सांगतो: २७२ पौंड, १२ शिलिंग, ६ पेन्स, आदल्या रात्री मोजलेले. सोळा वर्षांनी घराजवळच्या दगडखाणीतले पाणी आटल्यावर ते सोने सापडते, आणि त्या रात्री ते टेबलावर रचून ठेवलेले असते, पूर्वी सायलस रचत असे तशाच नीट ढिगांमध्ये. हाताला जुनी रीत आठवते. पण आता टेबलापाशी एपी बसलेली आहे, सायलसची नजर तिच्यावर आहे, आणि तो सांगतो की हा पैसा आता त्याला धरून ठेवत नाही. इलियटने येथे सोने नाहीसे केलेले नाही, की सायलसला ते फेकूनही द्यायला लावलेले नाही. तिने फक्त टेबलापाशी दुसरे माणूस बसवले आहे.’

या परिच्छेदात ‘दयाळू’, ‘प्रेमळ’, ‘उदार’ यांपैकी एकही विशेषण नाही, हे लक्षात यावे. पुढच्या परिच्छेदाने गॉडफ्री कॅसकडे वळावे, कारण त्याच रात्री, त्याच ढिगांसमोर, एपीचा खरा बाप तिच्यावर हक्क सांगायला येतो आणि त्याने देऊ केलेले श्रीमंत घर ती नाकारते.